नळ कोणाच्या नावावर?

"हर घर जल" ही दिल्लीची घोषणा ग्रामपंचायतीच्या टेबलावर पोहोचेपर्यंत "ज्याच्या नावावर घर, त्याला नळ" अशी होऊन बसते. नळजोडणीचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला पाण्याबद्दल कोणी काही विचारत नाही. नमुना आठचा उतारा आणा, घरपट्टीची बाकी भरा, उताऱ्यावर नाव तुमचे नसेल तर ज्याचे आहे त्याची संमती आणा, असे सांगितले जाते. उतारा नसेल तर अर्ज टेबलावरून परत.

वरवर पाहता यात जात कुठेच नाही. ग्रामसेवक म्हणतो, नियम सगळ्यांना सारखा. पण गावातली मालमत्ता सगळ्यांना सारखी वाटली गेली होती काय? गावठाणाची हद्द आखली गेली तेव्हा आमची वस्ती गावकुसाबाहेर होती. कुटुंबे वाढली तशी मुलांनी गायरानात, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला जागा धरल्या. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोकांनी तुरुंग भरले, कारण पडीक आणि गायरान जमिनीशिवाय आमच्या माणसांना पाय टेकायला दुसरी जागा नव्हती. आता त्याच जागेवर चाळीस-चाळीस वर्षे चूल पेटवणाऱ्याला "तुझे घर अतिक्रमणात आहे, तुला नळ बसत नाही" असे सांगितले जाते. ज्यांना कधी मालक होऊ दिले नाही, त्यांच्याकडेच मालकीचा कागद मागायचा आणि त्याला नियम म्हणायचे!

गावठाणातल्या आमच्या घरांचीही गत फार वेगळी नाही. उतारा अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, घराचे चार भाग पडले, चार चुली झाल्या, पण दप्तरी घर एक म्हणून नळही एक. विधवा सून वेगळी राहते, तिने अर्ज केला तर दिराची संमती आणा म्हणतात. दीर मुंबईत, आणि संमती दिली तर हिस्सा द्यावा लागेल या भीतीने तो सही करत नाही. या बाईने काय करायचे? तिला हिस्सा मिळायचा तेव्हा मिळेल. पण सकाळच्या दोन हंड्यांसाठी तिने वारसनोंदीचा निकाल लागेपर्यंत थांबावे, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

कुठेही लिहिलेले नाही, आणि मुद्दा इथेच आहे. नमुना आठ हा मालकीचा दस्तऐवजच नव्हे, ती कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यात मालकाच्या नावासोबत भोगवटादाराच्या नावाचाही रकाना असतो, कारण घरात जो राहतो त्याच्याकडूनही पंचायत कर घेऊ शकते. कित्येक गावांत गायरानातल्या घरांची नोंद "मालक शासन, भोगवटादार अमुक" अशी करून वर्षानुवर्षे घरपट्टी वसूल केली जाते. म्हणजे पैसे घेताना भोगवटादार चालतो, पाणी देताना मात्र मालक हवा.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे माप कुटुंब हे आहे. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला चालू नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी. माणशी, उताऱ्याशी नव्हे. योजनेची मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे, म्हणजे "योजना संपली, आता काही होत नाही" हे उत्तरही चालणार नाही.

मालकीचा हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यानंतर विरोधकांनी लाठ्यांबरोबर कायद्याचाही आधार घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टात दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. दाव्यात म्हणणे काय होते? तळे आमच्या मालकीचे आहे, वापरण्याचा हक्क आमचाच आहे. "तुम्ही अस्पृश्य म्हणून नको" एवढेच म्हणून कोर्टात भागत नव्हते, म्हणून मालकी पुढे केली, तिच्या जोडीला रूढी उभी केली. दोन्ही टिकले नाहीत. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. पाण्याच्या एका घोटाचा निकाल लागायला दहा वर्षे गेली.

तेव्हापासून आजवर कायदे बरेच झाले. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही, असे संविधानाचे कलम १५ सांगते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर विहीर, तलाव यांच्याबरोबर पाण्याच्या नळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. पण हे कायदे नळावर हंडा लावणाऱ्याला अडवणारा हात पकडतात. ज्या अर्जामुळे नळ वस्तीत येतच नाही, त्या अर्जातली उताऱ्याची अट त्यांच्या तावडीत सापडत नाही. आजची अडवणूक म्हणूनच कागदावर चालते. कोणाला शिवी द्यावी लागत नाही.

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. पंचायतीचे लोक म्हणतात, अतिक्रमणाला नळ दिला तर उद्या तो मालकीचा पुरावा होईल. आणि पाणीपट्टी कोणाच्या नावाने वसूल करायची? योजना वीजबिलावर चालते, पाणीपट्टी थकली की पंप बंद पडतो, आणि पंप बंद पडला की सगळ्यांचेच पाणी जाते. ही अडचण खरी आहे, तिला नाटक म्हणता येणार नाही. पण तिचे उत्तर आधीच दिले गेले आहे. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना म्हटले की बांधकाम बेकायदा आहे म्हणून त्यात राहणाऱ्याला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. प्रश्न होता १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांचा. अधिकृत घरांची बरोबरी त्यांना सांगता येणार नाही आणि त्यांच्याकडून जास्त दर घेता येईल, हेही न्यायालयाने म्हटले. त्या शेवटच्या भागाशी मी सहमत नाही. गरिबाने पाण्याला जास्त का मोजावे? पण तत्त्व स्पष्ट झाले की पाणी दिल्याने जमीन मिळत नाही आणि जमीन नाही म्हणून पाणी तोडता येत नाही. निकाल महापालिकेच्या प्रकरणातला असला तरी कलम २१ शहराच्या वेशीवर संपत नाही. राहता राहिली पाणीपट्टी. ती राहणाऱ्याच्या नावाने लावा. घरपट्टी लावताच ना?

कागद मिळाला म्हणजे पाणी मिळाले असेही नाही. गावात टाकी उंचावर, पहिली जोडणी वाड्यांना, आणि आमची वस्ती पाइपलाइनच्या शेपटाला. वरच्या आळीत मोटार लावून पाणी ओढले की खाली नळातून हवा येते. दप्तरी मात्र ते घर "नळ असलेले". वस्तीकडे जाणारी पाइप एखाद्याच्या बांधावरून न्यायची वेळ आली की जमीनमालक हरकत घेतो आणि काम तिथेच थांबते. त्याच्या शेताकडे जाणारी वाट मात्र सरकारी खर्चाने होते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा शासन निर्णय डिसेंबर २०२० मध्ये निघाला. बरे झाले. पाटी बदलली, पाइपचे टोक तिथेच आहे.

येत्या ग्रामसभेत वस्तीतल्या लोकांनी एकेकट्याने अर्ज न करता एकत्र जावे. नमुना आठमध्ये भोगवटादार म्हणून नाव लावण्याची मागणी आधी करावी, आणि त्याच दिवशी कुटुंबागणिक नळाचे अर्ज द्यावेत, पोच घेऊन. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. तोंडी "बसत नाही" ऐकून परत येऊ नये. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाणी समितीत निम्म्या महिला असायला हव्यात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हव्यात. समितीची यादी वाचून दाखवायला सांगा. आपल्या वस्तीतल्या कोणत्या बाईचे नाव त्यात आहे आणि तिला बैठकीची नोटीस शेवटची कधी मिळाली, हे तिलाच सभेत उभे राहून सांगू द्या. निम्म्याहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जाती-जमातींची असलेल्या गावाला लोकवर्गणी दहा टक्क्यांऐवजी पाच टक्केच आहे, आणि ती श्रमदानानेही देता येते. तुमच्याकडून नेमकी किती घेतली, त्याची पावतीही त्याच सभेत मागा.