जुळाऱ्याने हस्तलिखित फाडू नये

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमध्ये २०१८ साली एक दुरुस्ती झाली, तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं. (कर्नल म्हणजे लष्करातले नव्हेत. प्रणालीचा गाभा, जो यंत्राशी थेट बोलतो.) माहिती आमच्या पुतण्याने समजावून सांगितली, मतं मात्र माझी. तेव्हा भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा.

लिनक्समध्ये चित्रं, खिडक्या, माऊस या सगळ्या थाटामागे एक साधा पडदा असतो. काळ्या पाटीवर नुसती अक्षरं. कळफलकावरच्या ठरावीक कळा एकत्र दाबल्या की तो समोर येतो. एकाच यंत्रावर असे अनेक पडदे आळीपाळीने वापरता येतात, म्हणून त्याला व्हर्च्युअल कन्सोल म्हणायचं. तो चालवणारा गाभ्यातला भाग म्हणजे त्याचा ड्रायव्हर.

या ड्रायव्हरला एक जुनी खोड होती. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती मावतात. जुन्या छापखान्यातला जुळारी आठवा. समजा, त्याच्या पेटीत ५१२ च खिळे आहेत. मजकुरात खिळा नसलेलं अक्षर आलं की तो बहुधा प्रश्नचिन्ह बसवायचा. इथवर ठीक, नसलेला खिळा आणणार कुठून? पण हा जुळारी हस्तलिखितही फाडून टाकायचा! पडद्याच्या नोंदीत मूळ अक्षर नाही, फक्त बसवलेल्या खिळ्याचा क्रमांक. तिथे 'क' होता की 'ळ', हे नंतर कोणालाच सांगता यायचं नाही.

डोळस माणूस म्हणेल, एवढं काय बिघडलं? बिघडत होतं दृष्टिहीनांचं. 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम कन्सोलची नोंद वाचून ब्रेलयंत्रावर ठिपके वर उचलतो आणि बोटांनी पडदा वाचता येतो. बोटांना फॉन्टशी काय देणंघेणं? पण पडद्याकडे खिळा नाही, म्हणून बोटांखालीही प्रश्नचिन्हच.

या प्रोग्रामच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या निकोलस पित्रे यांनी ड्रायव्हरच दुरुस्त केला. लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीपासून खिळ्यासोबत मूळ युनिकोड अक्षरही जपून ठेवण्याची सोय झाली. पडद्यावर प्रश्नचिन्ह दिसलं तरी ब्रेलच्या प्रोग्रामला खरं अक्षर मिळतं.

'इतक्या थोड्या लोकांसाठी गाभ्याला हात लावायचा?' असं कोणी विचारेल. मला हा प्रश्नच पटत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नसेल तर मास्तर मोठ्याने वाचून दाखवतात, बाकीच्या वर्गाचं त्यात काय जातं? इथेही तसंच. प्रत्येक अक्षराला ४ बाइट, म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळींच्या पडद्याला ८००० बाइट. तीही कोणी मागितल्यावरच वापरली जातात. ज्याला नको, त्याला भुर्दंड नाही.

यामुळे काळ्या पडद्यावर मराठी नीट दिसू लागली असं मात्र नाही. काना-मात्रा आणि जोडाक्षरं जुळवणं हे वेगळंच काम आहे. पण मूळ अक्षर शाबूत असलं, तर ते भारती ब्रेलमध्ये उमटवण्याची वाट तरी मोकळी राहते. प्रश्नचिन्हातून मराठी परत आणता येत नाही.

आता दुसरी बाजू. याच कन्सोलवर वर सरकून गेलेल्या ओळी पुन्हा खाली आणून वाचण्याची सोय होती. २०२० साली तिच्या कोडमध्ये दोष निघाले, ते निस्तरायला कोणी पुढे येईना, तेव्हा ती सोयच काढून टाकली. मी दोष देत नाही. सांभाळणारा नसेल तर घरातली विहीरसुद्धा बुजवतात. पण यातून एक कळतं. या गाभ्यात जे टिकतं ते कोणाच्या उपकाराने टिकत नाही, गरज ओळखून खपणारा माणूस असला तरच टिकतं.

म्हणून आपल्या घराघरांतल्या संगणकवाल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, पुण्यातल्या आणि परदेशातल्याही. रोजच्या नोकरीतून थोडा वेळ काढा आणि असं एखादं दुर्लक्षित काम हाती घ्या. मराठीसाठी ते करायला बाहेरून कोणी येईल अशी वाट किती दिवस बघायची? तुमचं काय म्हणणं, जरूर कळवा.