भोंगा आठवण करतो, हजेरी घेत नाही!

संध्याकाळचे सात वाजले की सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत अभ्यास, वाचन, गप्पा. कोविडमधल्या ऑनलाइन वर्गांनंतर मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये कडेगाव तालुक्यातल्या या गावाने हे ठरवलं. सुरुवातीला लोक हसले. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या आणि गाव तयार झालं.

आता तुमच्या घरात या. सवयी मोजणारं अ‍ॅप स्वतःच बनवायचं आणि जुना टॅब भिंतीवर लावून त्यावर ते चालवायचं, हे आता अवघड राहिलेलं नाही. एआयला सांगितलं की कोडही मिळतो. मीही साताऱ्यात आमच्या हॉलमध्ये असा बोर्ड लावला. माझं वाचन, भावाचा व्यायाम, बाबांच्या शुगरच्या गोळ्या. झालं तर हिरवा चौकोन, चुकलं तर लाल.

पहिला आठवडा मस्त गेला. मग एका रविवारी पाहुणे आले आणि चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "काय हो, तीन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत?" बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे सगळे चौकोन हिरवे. गोळ्यांची पाकिटं मात्र तेवढीच भरलेली! बोर्डामुळे सवय लागली नाही, खोटं बोलायची गरज तेवढी निर्माण झाली. तीही औषधाच्या बाबतीत.

चूक बाबांची नव्हती, माझ्या डिझाइनची होती. वडगावचा भोंगा सगळ्यांना एकाच वेळी आठवण करून देतो, पण कुणाच्या नावापुढे लाल खूण करत नाही. माझा बोर्ड आठवण कमी करत होता आणि हजेरी जास्त घेत होता.

'२१ दिवसांत सवय लागते' हेही डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा अभ्यास केला होता. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. आणि महत्त्वाचं म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मग एका खाड्यासाठी लाल रंग कशाला?

तुम्ही बनवणार असाल तर एवढं बघा. चुकलेला दिवस लाल नको, कोरा ठेवा. महिन्याचा हिशेब नको, चालू आठवडा पुरे. औषधं, वजन, पाळीची तारीख हे ज्याचं त्याच्या फोनवरच राहू द्या. माहिती शक्यतो घरातल्याच उपकरणात साठवा. फुकटचं अ‍ॅप फोनमधलं काय काय वापरू शकतं, हे एकदा परवानग्यांच्या यादीत तपासा. आणि दुसऱ्याची सवय बोर्डावर टाकण्याआधी त्याला विचारा. मी बाबांना विचारलंच नव्हतं.

आता आमचा बोर्ड स्वयंपाकघरात आहे. रात्री नऊला त्यावर एकच ओळ येते, 'जेवण झालं, गोळी?' चौकोन नाही, रंग नाही. परवा पाकीट संपलं, तेव्हा नवीन आणायला बाबांनीच सांगितलं.