टोपणनाव एक, शब्द दोनदा

१ नोव्हेंबर २०१४ला गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. नाव बदललं, गाव तेच. प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्येही लांब कमांडला असं टोपणनाव देता येतं, त्याला अलियास म्हणतात. अलियासपुढे लिहिलेला शब्द गिट कमांडच्या शेवटी जोडतं.

उद्गारचिन्हाने सुरू होणारा अलियास मात्र शेल चालवतं. तिथे ‘डॉलर एक’ लिहून शब्द मध्येच बसवला, तरी गिट तो शेवटी पुन्हा जोडतंच. ‘बीदर’ नावाची नवी ब्रँच काढायला गेलात, तर दुसरं ‘बीदर’ ती कुठून काढायची याचं उत्तर समजलं जातं आणि कमांड अडते.

म्हणून कमांड छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि शेवटी त्या फंक्शनचं नाव लिहा. जोडलेला शब्द मग फंक्शनलाच मिळतो, एकदाच.