फोडांचं कौतुक पुरे!

रोइंग करणाऱ्या कुणालाही हात दाखव म्हणा. तळवा पुढे करेल आणि एकेका फोडाचा इतिहास असा सांगेल की जणू वीरचक्रच मिळालंय! थोडे फोड येणारच, मान्य. पण वल्ह्याला रोज रक्त लागत असेल तर त्यात मर्दुमकी कसली? मूठ चुकलीय, राव.

साधं गणित करा. शर्यत २००० मीटरची. मिनिटाला ३२ स्ट्रोक धरले तर सात मिनिटांत २२४. प्रत्येक स्ट्रोकला पातं एकदा आडवं, एकदा उभं करायचं, म्हणजे मूठ हातात ४४८ वेळा फिरते. इथेच गोची आहे. बॅटची ग्रिप नुसती घट्ट बसली की काम झालं. वल्ह्याची मूठ बोटांना चिकटली पाहिजे, पण तळव्यात सहज फिरली पाहिजे. फार गुळगुळीत असेल तर माणूस जिवाच्या आकांताने आवळतो, मनगट भरून येतं. फार चिकट असेल तर कातडी सोलते. त्यात आमच्या खान्देशातला मे महिना! घामाने भिजलेलं रबर धरून बघा एकदा.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "इम्पोर्टेड घ्या". कॉन्सेप्ट टूसारख्या कंपन्या लाकूड, रबर, फोम अशा मुठी देतात. चांगल्या असतात, वाद नाही. पण कंपनी अमेरिकेतल्या व्हरमाँटची. तिने शिरपूरच्या उन्हाचा विचार का करावा? तो आपण करायचा ना!

आणि सामान काय कमी आहे? केळीचा घड उतरवला की खोड शेतात पडून राहतं. त्याचा धागा मजबूत असतो, घामही शोषतो. कापूस तर घरचाच. तासलेल्या लाकडी दांड्यावर सुती दोरी किंवा केळीचा धागा जरा अंतर सोडून गुंडाळला तर घाम फटीत जातो. धागा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर एका थराने मुठीचा व्यास दोन मिलिमीटरने वाढतो, म्हणजे बारीक हाताच्या पोरीला एक माप, दांडगटाला दुसरं. सायकलची जुनी ट्यूबही लोक सुचवतात. ती पकडते छान, पण घाम अजिबात पीत नाही. माझं मत तिच्या विरोधात.

लगेच कुणीतरी दत्तू भोकनळचं नाव काढणार. तळेगाव रोहीचा पोरगा, विहिरी खणल्या, सैन्यात जाऊन रोइंग शिकला, २०१६ च्या रिओत भारताचा एकमेव रोअर, २०१८ च्या एशियाडला चौघांच्या बोटीत सुवर्ण. त्याच्याबद्दल आदर आहेच. पण "त्याने केलं ना?" हा काय युक्तिवाद झाला? ज्याचे हात कुदळीने आधीच घट्टे पडून तयार झालेत त्याच्यावरून नियम करायचा, आणि पंधरा दिवसांत हात सोलून पळालेल्या पोरांना नाजूक म्हणायचं! खेळाची निवड कातडीवरून करायची का?

सुलवाड्याच्या बॅरेजमुळे तापीत पाणी अडलंय. आसपास इंजिनिअरिंगची पोरंही भरपूर आहेत. त्यांचा फायनल इयर प्रोजेक्ट मात्र तोच, लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम. (आमच्या बॅचला अशा तीन होत्या, आणि लायब्ररीत रजिस्टरच चालायचं. असो.) "कशाले भो, बोट कुठे आहे आपल्याकडे?" हा प्रश्न येणार, माहितीये. मूठ तपासायला बोट लागतच नाही. बेअरिंगमध्ये बसवलेला एक दांडा, दोरीला टांगलेली वाळूची बादली, अंगावर शिंपडायला मिठाचं पाणी. ४४८ वेळा फिरवा, तळवा बघा, धागा कुठे तुटला ते लिहून ठेवा. मग दोरीची वीण बदला आणि परत फिरवा.