खालीचा हात

नववी-दहावीच्या वर्गांत मराठीचे अध्यापन करण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि त्या काळात भुजंगप्रयाताचे लक्षण, म्हणजे चरणात चार 'य' गण व बारा अक्षरे, बिनचूक लिहिणारे शेकडो विद्यार्थी मी पाहिले. परंतु तेच वृत्त टाळी देऊन म्हणा असे सांगितल्यावर ज्याचा हात आणि ज्याची जीभ एकत्र चालली असा विद्यार्थी विरळाच. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन हा हिशेब त्यांनी फळ्यावर मांडला होता, कानात कधी साठविला नव्हता. आणि खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे मीही त्यांच्याकडे तेवढाच हिशेब मागत होतो.

वास्तविक लयीच्या प्राथमिक शिक्षणाची बहुतेक सामग्री शाळेत आधीच हजर असते, फक्त ती निरनिराळ्या दप्तरांत दाखल झालेली असते. वृत्ते मराठीच्या तासाला, लेझीम कवायतीच्या मैदानावर, प्रार्थना सकाळच्या परिपाठात, आणि या तिन्ही खात्यांचा परस्परांशी पत्रव्यवहार नाही. मराठी पद्याच्या जाती मात्रांच्या आवर्तनांवर चालतात हे माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त सविस्तर दाखवून दिले, त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला. तरी गण पाडून उत्तर लिहिण्याचा शिरस्ता कायम आहे.

भुजंगप्रयाताचेच पाहा. लघु-गुरू-गुरू अशा 'य' गणाच्या मात्रा पाच, चार गणांच्या वीस, आणि दहा मात्रांच्या झपतालाची दोन आवर्तने नेमकी तेवढीच. मात्र चरणाचे पहिले अक्षर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवले तर गणाचे तुकडे तीन-दोन असे पडतात आणि झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन या खंडांशी त्यांचे वाकडे येते. तेच लघु अक्षर आधीच्या आवर्तनाच्या दहाव्या मात्रेवर सोडून देऊन दुसऱ्या अक्षराने सम गाठली की सारे खंड आपापल्या जागी येऊन बसतात. मनाचे श्लोक याच वृत्तात असल्याने हा प्रयोग करण्यास कोणतीही शाळा समर्थ आहे. तबला लागत नाही, बाक पुरतो. (शेजारच्या वर्गाची तक्रार येते, तिची तयारी ठेवावी.)

तालाचे शिक्षण टाळीपासून सुरू करतात. माझ्या मते ते खालीपासून, म्हणजे टाळी न देता हात उलटा करण्याच्या मात्रेपासून, सुरू करावे. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी व तेरावी या टाळीच्या, आणि नववी खाली, हा तपशील कोणीही पाच मिनिटांत पाठ करतो. पण नवव्या मात्रेला हात उलटा करून चार मात्रा निःशब्दपणे धरून ठेवायच्या म्हटल्या की चाळीस मुलांच्या वर्गात तेराव्या मात्रेची टाळी बाराव्यालाच, क्वचित अकराव्यालाही वाजू लागते. टाळीचा आवाज दुसऱ्याच्या आधाराने देता येतो. निःशब्द मात्रा ज्याची त्यालाच मोजावी लागते. रूपक तालात तर समेवरच खाली येते, आणि तेथे वर्ग हमखास अडखळतो.

दुगुणीबाबतही असाच घोटाळा होतो. एका मात्रेत दोन अक्षरे बसवायची, मात्रेची चाल तीच ठेवायची, एवढेच तिचे स्वरूप. पण मुले अक्षरांबरोबर हातही दामटतात, आणि मग जिला ती दुगुण म्हणतात ती निव्वळ घाई असते. याला उपाय एकच: निम्म्या वर्गाने हात धरायचा, निम्म्याने बोल म्हणायचे.

एवढ्यासाठी नवा विषय मंजूर करण्याचे किंवा संगीतशिक्षकाची नेमणूक होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आठवड्यातून एकदा मराठीचा तास आणि कवायतीचा तास वेळापत्रकात लागोपाठ लावावेत, आणि दोन्ही शिक्षकांनी मैदानावर एकत्र उभे राहावे. परीक्षा घ्यायचीच असेल तर सर्वांना डोळे मिटावयास सांगून त्रितालाचे एक आवर्तन मनातल्या मनात चालवू द्यावे आणि तेराव्या मात्रेवर टाळी मागावी. कोण आधी पोचला व कोण मागे राहिला, हे गुणपत्रिकेवाचून साऱ्या मैदानाला ऐकू येते.