पितळ उघडे पडू द्या!

‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वांनीच शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला आहे. माझे पितळ मात्र खरोखरच उघडे पडले, आणि गंमत म्हणजे त्यात पितळ नव्हतेच!

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आनंदमेळ्यात मी स्वतः ओवलेल्या माळांचा आणि कानातल्यांचा स्टॉल मांडला होता. मणी काचेचे, दोरा पक्का, रंगसंगती मनाजोगी. कानातल्यांच्या तारा दुकानदाराने ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून दिल्या आणि मी पाटीवर बिनदिक्कत ‘चांदीचे’ असे लिहिले. आठ दिवसांनी वर्गातली एक मैत्रीण भेटली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन सुजल्या होत्या. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “चांदी होती ना गं?”

मला उत्तर देता आले नाही. ते नंतर ग्रंथालयात सापडले. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. घामामुळे त्यातले निकेल सुटते आणि कित्येकांच्या त्वचेला ते सोसत नाही. ही बाधा एकदा जडली की बहुधा जन्मभर सोबत करते. म्हणूनच युरोपात १९९४ साली अंगाला लागणाऱ्या वस्तूंतील निकेलवर निर्बंध आणणारा निर्देश निघाला. आपल्याकडेही २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पण सराफाच्या पेढीवर ९१६ चा आकडा शोधणारे आपण जत्रेत, मेळ्यात धातूचे नावही विचारत नाही.

कोणी म्हणेल, पन्नास रुपयांच्या कानातल्यांत कसली आली धातूची चौकशी? मला हे पटत नाही. वस्तू स्वस्त असली, तरी ती घालणाऱ्याचा कान स्वस्त नसतो.

माझे म्हणणे पितळेविरुद्ध मुळीच नाही. देव्हाऱ्यातली समई पितळेचीच असते, तिची कोणाला लाज वाटते? माझ्या आजीच्या बोरमाळेचे मणी वरून सोन्याच्या पत्र्याचे आणि आत लाख भरलेले. आजीने ते जाणूनच माळ घेतली आणि कढत पाण्यापासून ती आयुष्यभर जपली. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक असते ती खोट्या नावात. माळेत पितळ खुशाल ओवा, पण तसे सांगा. ते काळवंडेल, घामाने गळ्यावर हिरवट डाग पडेल, हेही सांगा. कानात शिरणारी तार मात्र ९२५ शिक्क्याच्या, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीची घ्या. काटकसर करायची तर मण्यांत करावी.

धातू ठाऊक असला की निगाही नीट राखता येते. चिंचेने पितळेची भांडी लखलखतात म्हणून मी एकदा मोती आणि पितळी मणी असलेली माळ चिंचेच्या कोळात बुडवली. पितळ उजळले, पण मोत्यांचे पाणी गेले! आंबट पदार्थ मोत्याला खातो. माळ उतरवल्यावर मऊ सुती कापडाने घाम पुसून ती कोरड्या डबीत ठेवावी, एवढे पुरे. अत्तर आधी लावावे, माळ मागून घालावी. चांदीजवळ रबर ठेवू नये, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते. मुलामा दिलेला दागिना तर घासूच नये, घासताना सोनेच निघून जाते.

मैत्रिणीचे पैसे मी परत केले, पण पाटीवरचा तो शब्द काही परत घेता आला नाही. म्हणून यंदा माझ्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली असेल: मणी कशाचे, तार कशाची. आनंदमेळ्यातल्या प्रत्येक स्टॉलला संमेलन समितीने हाच नियम लावावा, अशी माझी विनंती आहे. आपले पितळ दुसऱ्याच्या कानावर उघडे पडण्याआधी आपणच ते उघडे केलेले बरे, नाही का?

(तृतीय वर्ष, कला)