फाइलची ओळख नावावर नव्हे, हॅशवर
फाइलमधल्या संपूर्ण मजकुरावर गणिती प्रक्रिया करून मिळणारी ठरावीक लांबीची खूण म्हणजे हॅश. एसएचए-256 पद्धतीत ती 64 अक्षर-अंकांची असते. अगदी रिकाम्या फाइलचा हॅशही जगभर ‘ई3बी0सी442’ असाच सुरू होतो. फाइलचे नाव बदलले तरी हॅश तोच राहतो. आत एक स्वल्पविराम वाढला, की तो पार बदलतो. म्हणूनच जप्त संगणकातल्या असंख्य फाइली तपासताना ज्ञात सॉफ्टवेअर लायब्रऱ्यांच्या फाइली हॅश जुळवून आधी बाजूला काढता येतात. अमेरिकेतील ‘निस्ट’ संस्थेचा हॅशसंग्रह यासाठी वापरला जातो. जुळलेला हॅश फाइल कोणती हे सांगतो, ती निर्धोक आहे हे सांगत नाही. जुन्या आवृत्तीत ज्ञात त्रुटी असू शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा हॅश नोंदवावा लागतो. त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी5 आणि एसएचए-1 हेही पर्याय आहेत. मात्र दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश निघू शकतो, हे एमडी5 बाबत 2004 मध्ये आणि एसएचए-1 बाबत 2017 मध्ये सिद्ध झाले. म्हणून नोंद एसएचए-256 चीच करावी.